‘एनडीपीएसला जामीनच नसतो’ म्हणे!

ऐरोलीच्या मावशीच्या भिशी ग्रुपवर एनडीपीएसबद्दल, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याबद्दल, मेसेज फिरतोय: ‘एनडीपीएसमध्ये जामीन नसतोच. अर्ज करू नका, केस बिघडते. गुन्हा कबूल करून सही द्या, पोरगा लवकर सुटतो. वकिलावर पैसे घालवू नका.’ मावशीच्या शेजारणीचा मुलगा ८ ग्रॅम एमडीच्या (मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या) केसमध्ये आत आहे. मावशीने तिला हे वाचून दाखवलं आणि ती बाई वकिलाला नको म्हणायला निघाली!

जामीन नसतोच? कलम ३७ कडक आहे, मान्य. आरोपी दोषी नाही आणि बाहेर येऊन पुन्हा गुन्हा करणार नाही, असं मानायला कोर्टाला सबळ कारण दिसावं लागतं. पण ही अट मुख्यतः व्यापारी प्रमाणाला, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मोठ्या साठ्याला: एमडी ५० ग्रॅम, गांजा २० किलो. ८ ग्रॅमला ती लागत नाही. आधी पंचनाम्यात वजन किती लिहिलंय ते तरी वाचा. मेसेजात खरं असलंच तर एवढंच, की प्रमाण छोटं असलं तरी गुन्हा अजामीनपात्रच, असं मुंबई हायकोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय. म्हणजे पोलीस ठाण्यातून सुटका नाही, कोर्टात मागावी लागते.

आणि हे म्हणतात, मागूच नका! अहो, चार्जशीट मुदतीत आली नाही तर जामीन हक्काने मिळतो. व्यापारी प्रमाणाला ही मुदत १८० दिवस, कोर्टाने वाढवली तर वर्षभर. कमी प्रमाणाला बरीच कमी. पण त्यासाठी अर्ज लागतो, तोही चार्जशीट यायच्या आत. मुदत उलटूनही अर्ज केला नाही आणि सकाळी चार्जशीट दाखल झाली, तर दुपारी धावत जाऊन उपयोग नाही. हक्क गेला. हा सल्ला देणाऱ्याला कोण विचारणार?

सही देण्याचा सल्ला तर भयंकरच. तोफान सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं, की कलम ६७ खाली तपास अधिकाऱ्याला दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. आणि खुद्द कोर्टात गुन्हा कबूल केलात, तर सुटका कसली, शिक्षा होते. ८ ग्रॅमला ती १० वर्षांपर्यंत जाऊ शकते.

राहिला वकिलाचा खर्च. कोठडीतल्या आरोपीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. शेजारीणबाईंना ठाणे कोर्टात त्याच कार्यालयात जायला सांगितलंय.