'वय झालं' हे बोलायचं आधी बंद करा

मोठी पोस्ट आहे, आधीच सांगते. दोन महिने मनात आहे आणि परवा सोसायटीच्या ग्रुपवर कुणाच्या तरी सासूबाईंबद्दल "वयोमानाप्रमाणे चालायचंच" असं वाचलं आणि डोकं सटकलं, म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षीच्या गणपतीत आमच्या राजापूरकडच्या घरात आम्ही २३ माणसं होतो. निम्मी मुंबईहून आलेली, ट्रेनमध्ये दाराशी उभं राहून, कुणी एसटीने, कुणी स्वतःच्या गाडीने १४ तास. बाहेर पाऊस धो धो, खिडक्या बंद, माजघरात सगळ्यांच्या गाद्या एकाला एक लागून, आणि आरतीला तर विचारूच नका, त्या एवढ्याशा खोलीत सगळे घसा फाडून ओरडतोय. माझ्या चुलतभावाची १४ महिन्यांची पोर सर्दीने नुसती गळत होती. लहान मुलाची सर्दी कोण मनावर घेतं? ती या कडेवरून त्या कडेवर फिरत होती.

घरात वयस्कर दोघं. आप्पाकाका ८४ आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, ६९. आता आम्ही शहाणी माणसं, कोविडमधून गेलेली, तर काळजी कुणाची घेतली? आप्पांची. त्यांना वेगळी खोली दिली, "आप्पा तुम्ही गर्दीत बसू नका", पोरीला त्यांच्याजवळ जाऊ दिलं नाही. आणि आत्या? आत्या पहाटे चारला उठून मागीलदारी पाण्याची चूल पेटवत होती, २३ माणसांच्या आंघोळीचं पाणी, मग मोदकांची उकड, आणि मधल्या वेळात त्याच पोरीला मांडीवर घेऊन "शोन्या" करत तोंडाला तोंड लावून पापे घेत होती. तिच्याकडे कुणी बघितलंच नाही, कारण ती म्हातारी वाटतच नव्हती ना.

दोघांनाही सर्दी झाली. आप्पा चार दिवस खोकले, आल्याचा चहा प्यायले आणि पाचव्या दिवशी छत्री घेऊन भातशेती बघायला गेले.

आत्याचं वेगळंच सुरू झालं. ताप नाही. मी स्वतः थर्मामीटर लावला, ९८.८. खोकला थोडा. पण ती जेवेना, चहासुद्धा अर्धा टाकला, आणि आत्याने चहा टाकणं म्हणजे... असो. गावातल्या डॉक्टरांनी तीन दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणि खोकल्याचं औषध दिलं. गौरी विसर्जनाच्या दिवशी दुपारी ती ओटीवर येऊन मला म्हणाली, "तुझा बाप अजून नाय आला गो? जेवायचा खोळंबलाय." माझे बाबा जाऊन सहा वर्षं झाली.

आणि आम्ही काय म्हटलं माहितीये? "वय झालं आता तिचं." एकजण म्हणाला, दमलीय, झोपू दे. मीसुद्धा मान हलवली, खोटं कशाला बोलू.

रात्री बाथरूमला जाताना ती पडली. तेव्हा कुठे भावाला कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर आठवला, ड्रॉवरमधून काढला तर सेल गळालेले, मग टीव्हीच्या रिमोटचे सेल काढून घातले. ऑक्सिजनचा आकडा आला ८६. बोट गार आहे म्हणून चुकीचं दाखवत असेल असं म्हणून दुसऱ्या बोटाला लावला. ८६. मग मी माझ्या बोटाला लावला, ९८. तेव्हा सगळे गप्प झाले. राजापुरात ऑक्सिजन लावला आणि पहाटे अणुस्कुऱ्याच्या घाटातून अँब्युलन्सने कोल्हापूर.

तिथे नाकातला स्वॅब घेऊन एक मोठं पॅनेल केलं, एकाच वेळी बरेच व्हायरस तपासतात ते (त्याचे पैसे ऐकून भाऊ मिनिटभर काही बोललाच नाही). फ्लू निगेटिव्ह, कोविड निगेटिव्ह, आरएसव्ही (श्वासमार्गाचा एक व्हायरस) पॉझिटिव्ह. मी म्हटलं, अहो डॉक्टर, हा तर बाळांचा आजार ना? ते म्हणाले बाळांचा आणि म्हाताऱ्यांचा, मधल्यांना नुसती सर्दी होते. हा व्हायरस पहिल्यांदा १९५६ साली सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये सापडला, मग लगेच लहान मुलांमध्ये, आणि पुढे कितीतरी वर्षं तो बालरोगवाल्यांचाच समजला गेला. त्याची इम्युनिटी टिकत नाही, आयुष्यभर पुन्हा पुन्हा होत राहतो. एकट्या अमेरिकेत ६५ च्या वरची ६०,००० ते १,६०,००० माणसं दरवर्षी यामुळे अ‍ॅडमिट होतात असा तिथल्या सीडीसीचा, म्हणजे सरकारी आरोग्य संस्थेचा, अंदाज होता. म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये त्या एचएमपीव्हीवरून आपल्या ग्रुपांवर जो धिंगाणा झाला (तो असाच सर्दी-खोकल्याचा दुसरा व्हायरस, तोही जुनाच, २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेलेला), त्यातल्या कुणालाही आरएसव्हीचं नाव माहीत नसणार. आपण व्हायरसच्या नावाला घाबरतो, तो कुणाच्या छातीत जाऊन बसणार आहे ते बघत नाही.

तर आत्याच्या छातीत काय होतं, ते ऐका.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, या विडी-सिगारेट ओढतात का? आम्ही जवळजवळ चिडलोच. दुसरा प्रश्न, चुलीवर स्वयंपाक किती वर्षं केला? चाळीस तरी. गॅस आला तरी पाण्याची चूल आहेच, त्यात ओली लाकडं, चुडतं, नारळाची सोडणं, आणि तोंडाने फुंकणी. बरी झाल्यावर फुंकायची टेस्ट केली त्यात सीओपीडी निघाला, म्हणजे फुप्फुसातल्या श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. कधीही विडीला हात न लावलेल्या बाईला. आणि ती एकटी नाही हो, आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं हेच आहे, जिना चढताना दम लागतो, थांबते, "आता पूर्वीसारखं होत नाय" म्हणते, आणि आपण लगेच म्हणतो, वय झालं!

दुसरी गोष्ट शुगर. १२ वर्षांची डायबेटीस, गोळी चालू पण सणात कोण बघतं, मोदक खाल्लेच असणार. शुगर वाढलेली असली की शरीरातले लढणारे सैनिक सुस्तावतात असं साध्या भाषेत डॉक्टरांनी सांगितलं. २०२३ मध्ये आयसीएमआरचा (आपल्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा) मोठा सर्व्हे आला होता, देशात १० कोटींच्या वर डायबेटीसवाले, आणि सगळ्यात जास्त प्रमाण आमच्या शेजारी गोव्यात, २६.४ टक्के. मासे-भात, काजू, गोडधोड, सगळं तेच की आमचं. कोकणात वेगळं काय असणार, असं मला आपलं वाटतं.

तिसरी गोष्ट माझ्या डोळ्यासमोर होती आणि मला दिसली नाही याचा मला सगळ्यात राग येतो. तिच्या बांगड्या. मोदक वळताना ती हात वर करायची तेव्हा काचेच्या बांगड्या सरळ कोपरापर्यंत घसरायच्या. मी त्याचा फोटोपण काढलाय, छान दिसतंय म्हणून! वर्षभरात सहा-सात किलो वजन गेलं होतं बाईचं. अंगावरचं मांस गेलं की खोकायची ताकद पण जाते, कफ आतच राहतो. पाच दिवस अंथरुणात पडली की जे उरलंय तेही जातं. शरीर असं आतून पोकळ, कमजोर होण्याला डॉक्टर लोक फ्रेल्टी म्हणतात, आणि अशा माणसाला फ्रेल. ८४ वर्षांचे आप्पा खुर्चीतून हात न टेकता उठतात, ६९ ची आत्या दोन्ही हात टेकून उठत होती. हे बघायला काय एमडी लागतं का?

आणि चौथं, तिच्या उशीखाली गुडघेदुखीच्या पुड्या सापडल्या. कुणीतरी बाजारात देतो, "आयुर्वेदिक आहेत", लगेच आराम पडतो. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याच्या बातम्या कितीदा येतात. तिच्या पुडीत होतं की नाही ते आम्ही तपासलं नाही, पण डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. स्टेरॉइड महिनोन्महिने पोटात गेलं की प्रतिकारशक्ती दबते आणि शुगर चढते, दोन्ही एकदम.

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, "पण ताई, वय हा रिस्क फॅक्टर आहेच ना." आहे. मान्य. छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते, ती तरुणपणापासूनच आक्रसत जाते आणि नव्या व्हायरसशी लढायला लागणाऱ्या नव्या पेशी कमी कमी तयार होतात. पंचाहत्तरीनंतर धोका सगळ्यांचाच वाढतो, म्हणून तर अमेरिकेत आरएसव्हीची लस (मे २०२३ मध्ये तिथे पहिल्यांदा मंजूर झाली) ७५ च्या वर सरसकट सगळ्यांना घ्या म्हणतात. पण ५० ते ७४ वाल्यांना कुणाला घ्या म्हणतात बघा: हार्टवाले, सीओपीडी-दमावाले, कॉम्प्लिकेशन असलेले डायबेटीसवाले, किडनीवाले, प्रतिकारशक्ती दबलेले, फ्रेल. म्हणजे आमची आत्या त्यात दोन-तीनदा बसते. आप्पांना आम्ही नुसतं वयावरून जपलं, ते चुकलं नाही, पण तिला वयावरून सोडून दिलं ते चुकलं.

हार्टवाल्यांचं तर वेगळंच. कॅनडात ऑन्टारिओमध्ये एक अभ्यास झाला, २०१८ ला छापून आला. फ्लू टेस्टमध्ये पक्का झाल्यापासून पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट निघालं. आपण म्हणतो, अरे सर्दीतापाने थोडाच गेला, अटॅकने गेला. दोन्ही खरं असू शकतं ना.

आणि तो ताप! आपल्या डोक्यात ताप म्हणजेच आजार इतकं घट्ट बसलंय की ताप नाही म्हटलं की सुटलो. म्हाताऱ्या माणसांचं नेहमीचं टेंपरेचरच जरा कमी असतं आणि आजारात ते चढतंही कमी, काहींना तर अजिबात ताप येत नाही. त्यांचा ताप म्हणजे जेवण सोडणं, पडणं, भलतंच बोलणं, दिवसभर झोपून राहणं. आत्याचा ताप म्हणजे माझ्या बाबांची वाट बघणं होता.

तुम्हाला आठवत असेल, सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' म्हणून घरोघरी येऊन टेंपरेचर, ऑक्सिजन बघायचे आणि कुणाला शुगर, बीपी, दमा ते लिहून घ्यायचे. आमच्या गावच्या घरी पण आशाताई आल्या होत्या. भाऊ सांगतो, त्यांनी आत्याच्या नावापुढे लिहिलं होतं, मधुमेह, दम लागतो. कोमॉर्बिड, म्हणजे आधीपासून दुसरा आजार असलेला, हा शब्द तेव्हा आमच्या घरातल्या पोरांनासुद्धा पाठ होता. चार वर्षांत आम्ही तो शब्द विसरलो आणि ती वही पण.

फ्लूची लस आपल्याकडे मिळते, दरवर्षी घ्यावी लागते, आणि महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात वाढतो म्हणून पावसाच्या आधी घेतलेली बरी. न्यूमोनियाची वेगळी असते. आरएसव्हीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, मी डॉक्टर नाही. पण लसीच्या आधी फुकटातली कामं आहेत. घरातल्या प्रत्येक साठीच्या वरच्या माणसाच्या नावापुढे फुप्फुस, हार्ट, शुगर, किडनी, वजन, कुठल्या गोळ्या-पुड्या, एवढं लिहून फ्रिजवर चिकटवा. आणि सर्दी असेल तर गावी जाऊ नका, किंवा जा पण मास्क लावा आणि पाया लांबून पडा. यावरून आमच्याकडे एक वहिनी रुसलीय, रुसू दे.

आत्या ११ दिवस हॉस्पिटलमध्ये होती, त्यातले चार दिवस तो तोंडावर घट्ट बसणारा, दाबाने हवा आत ढकलणारा बायपॅपचा मास्क. घरी आली तेव्हा स्वतःची वेणी घालता येत नव्हती, पूर्वीसारखं चालायला दिवाळी उलटून गेली. पाण्याची चूल भावाने पाडून तिथे गीझर लावलाय, त्यावर ती अजून त्याला शिव्या घालते, पाण्याला चव नाय म्हणते. आंघोळीच्या पाण्याला!

यंदा गणपतीला आम्ही पोचलो तर ती ओटीवर खुर्ची टाकून बसलेली. नवी हिरवी बांगडी, एक माप लहान. येणाऱ्या प्रत्येकाला बॅग खाली ठेवायच्या आत विचारत होती, "सर्दी हाय काय रे? खोकून दाखव." माझ्या नवऱ्यालासुद्धा सोडलं नाही, जावई असून. आप्पा आतून ओरडले, "२० सालातला चेकनाका परत चालू केलान हिने, सांभाळून या!"