जुगारात कसली आली पारदर्शकता?

‘जुगार तो जुगार. त्यात न्याय कसला शोधायचा आणि पारदर्शकता कसली मागायची?’ भारतातल्या माझ्या मित्रमंडळींत ऑनलाइन गेमिंगचा विषय निघाला की कुणीतरी हे वाक्य टाकतं आणि चर्चा तिथेच थांबते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हापासून तर या वाक्याला जास्तच जोर चढला आहे. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वर्षानुवर्षांचा वाद त्या कायद्याने निकालात काढला. दोन्ही बंद. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. मग स्लॉटच्या, म्हणजे पैसे लावून चित्रांची चाकं फिरवायच्या खेळाच्या आत काय चालतं हे आता कशाला समजून घ्यायचं, असं मला विचारतात. त्याचा मला मनापासून राग येतो.

गॅम्बल फीचरच घ्या. स्लॉटमध्ये काही रक्कम जिंकली की पडद्यावर दोन बटणं येतात: घ्या, किंवा डबल करा. डबल केलं की एक उलटा पत्ता समोर येतो, लाल की काळा ते सांगायचं. बरोबर आलं तर दुप्पट, चुकलं तर सगळं गेलं. काही खेळांत बदाम-इस्पिक ओळखून चौपट, काहींत पायरीपायरीने चढायची शिडी. यावर आमच्यातल्या गणितात हुशार असलेल्या एकाचं म्हणणं, की पन्नास-पन्नास आहे, म्हणजे अख्ख्या स्लॉटमधला हाच सर्वांत प्रामाणिक भाग.

हिशेब त्याचा बरोबर आहे. शक्यता खरोखर निम्मी असेल आणि रक्कम दुप्पट मिळत असेल, तर त्या पत्त्यावर कंपनीला काहीच सुटत नाही. पण लागोपाठ पाच वेळा डबल जिंकायची शक्यता ३२ मध्ये १. दहाचे तीनशेवीस होतात ते एकाचे, बाकीच्या एकतीस जणांचे दहाही जातात. आणि हे एकतीस जण रिकाम्या हाताने घरी जात नाहीत, ते पुन्हा स्लॉटची चाकं फिरवतात, जिथे कंपनीचा वाटा ठरलेला आहे. वर बऱ्याच खेळांत आधी आलेल्या पत्त्यांचे रंग ओळीने दाखवलेले असतात. चार लाल आले, आता काळा येणारच, असं वाटावं म्हणूनच ती ओळ आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पुढच्या पत्त्याशी तिचा काडीचा संबंध नसतो.

आणि निम्मी शक्यता आहे हे सांगितलं कुणी? पन्नासच्या जागी अठ्ठेचाळीस टक्के ठेवले तर खेळणाऱ्याला कळण्यासाठी हजारो डाव नोंदवून ठेवावे लागतील. कुणीतरी आतला कोड तपासलाच पाहिजे.

मी राहते त्या ब्रिटनमध्ये तो तपासावा लागतो. गॅम्बलिंग कमिशन, म्हणजे जुगारावर देखरेख करणारी इथली सरकारी संस्था, तिच्या तांत्रिक मानकांनुसार, पत्ते किंवा फासे दाखवायचे तर शक्यता खऱ्या पत्त्यांइतकी आणि फाशांइतकीच हवी. हरलेल्या डावाच्या जागी ‘थोडक्यात हुकलं’ असं भासवणारं चित्र घुसवता येत नाही. आरटीपी, म्हणजे लावलेल्या पैशांतले सरासरी किती टक्के परत येतात, हे खेळणाऱ्याला पाहता यावं लागतं. २०२० पासून क्रेडिट कार्ड बंद. २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटचा एक डाव अडीच सेकंदांपेक्षा लवकर संपवता येत नाही, आणि लावल्यापेक्षा कमी परत आलं तर ढोल-ताशांचा आवाज करायला मनाई. २०२५ मध्ये एका डावाला पाच पौंडांची मर्यादा आली, पंचवीसच्या आतल्यांना दोन पौंडांची. इथे व्यसन नाही का? आहे, आणि घरं उद्ध्वस्तही होतात. पण निदान नियम लिहिणाऱ्याने खेळ उघडून पाहिलेला आहे, हे ते नियम वाचताना जाणवतं.

आता पबमधलं जुगाराचं मशिन. तिथेही वर की खाली असा अंदाज करून रक्कम वाढवायची सोय असते, आणि मशिनवर बारीक अक्षरांत सूचना: या मशिनवर कधी कधी असा पर्याय दिला जाईल, ज्यात खेळणाऱ्याला जिंकण्याची संधीच नसेल. म्हणजे वर म्हणा, खाली म्हणा, हरणारच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ती सूचना पुन्हा वाचली. सांगून केलेली गोष्ट आहे, लपवाछपवी नाही, तरी ती न्याय्य आहे असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. ऑनलाइन स्लॉटमध्ये इथे हे चालत नाही, पण बाजारपेठेतल्या पबमध्ये खुशाल चालतं. नुसतं सांगणं आणि न्यायाने वागणं, दोन्ही वेगवेगळं मागावं लागतं, हे मला त्या मशिनने शिकवलं.

आपल्याकडे, भारतात, जुगारावर कायदे आणि निकाल झाले, पण यातलं काही मागितलंच जात नाही. १८८७ चा जुगारबंदीचा कायदा महाराष्ट्रात आजही आहे. १९६९ मध्ये राज्याने स्वतःची लॉटरी काढली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत कौशल्याची ठरवली. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात एका मंत्र्याच्या मोबाइलवर रमी दिसली. मंत्री म्हणाले आपण खेळत नव्हतो, विरोधकांनी राजीनामा मागितला, शेवटी त्यांचं कृषी खातं गेलं. इतक्या गदारोळात त्या खेळाचे पत्ते कोण वाटतं, कसे वाटतं, हे कुणी विचारलं?

तरीही एक गोष्ट मला सांगितली पाहिजे. इथल्या ऑफिसात एक सहकारी म्हणाला, की सरसकट बंदी घालणारं सरकार आपल्या नागरिकांना लहान मुलं समजतं. त्यावर मी बंदीची अशी बाजू मांडली की माझ्या मित्रांनाही जमली नसती. प्रत्येकाच्या हाती फोन, एका क्षणात यूपीआयने जाणारे पैसे, कर्जात बुडालेली तरुण पोरं, आणि तुमच्या फुटबॉल क्लबांच्या शर्टांवर बेटिंग कंपन्यांची नावं! तिकडच्यांशी बोलताना मी नियमांची वकील असते, इकडच्यांशी बोलताना बंदीची. मतदान मी इथे करते, भारताचा कायदा माझ्या मताने होणार नाही. पण ब्रिटनच्या नियमात खोट दिसली तर मी ती वाचून पुढे जाते, आणि भारताच्या कायद्यात दिसली तर रात्री झोप लागत नाही.

म्हणून मित्रांनो, बंदी ठेवा. पण परदेशी साइट फोनवर उघडतातच, हे तुम्हालाही माहीत आहे. तिथे डबलचं बटण समोर आलेल्या मुलाला ‘वाईट सवय’ एवढंच सांगून भागणार नाही. तो पत्ता भारतात कुणी तपासलेला नाही, पन्नास म्हणजे पन्नास याची तिथे हमी नाही, जिंकलेले पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागायची ते ठरलेलं नाही, हे सरकारने आपल्या प्रत्येक जाहिरातीत मराठीत, मोठ्या अक्षरांत छापावं.