‘कुत्र्याला काही होत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दिवाळीचे वेध लागले की सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. थोडेफार शब्द बदलून तो थेट थर्टीफर्स्टपर्यंत पुरतो. आशय असा: कुत्र्याला देवानं अंगावर केस दिलेत, त्याला थंडी वाजत नाही. फटाक्यांची एक-दोन वर्षांत सवय होते. घाबरला तर जवळ घेऊ नका, लाडानं भित्रा होतो. सणाचा घास त्यालाही द्या, फराळानं काही होत नाही. फारच कुडकुडला तर चमचाभर ब्रँडी पाजा, नाहीतर तापाची अर्धी गोळी द्या. गावाला जाताना गच्चीत भात-पाणी ठेवून गेलात तरी चालतं, घराची राखणही होते. बाकी स्वेटर-बिटर सगळे शहरी माणसांचे चोचले.

हा मेसेज पुढे पाठवणारे लोक दुष्ट नसतात. त्यातले कितीतरी जण रोज रात्रीची उरलेली पोळी खाली नेऊन घालणारे असतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं. यातले बरेचसे मुद्दे चुकीचे आहेत आणि दोन-तीन सरळ जीवघेणे आहेत.

आधी थंडी. केसांमुळे थंडी वाजत नाही हे हस्कीच्या किंवा हिमालयातल्या भोटियाच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं आहे. त्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आत लोकरीसारखा मऊ आणि वर राठ. आपल्या गावठी कुत्र्याचे केस आखूड, आतली लोकर जवळजवळ नाहीच. करवानी आणि मुधोळ हे तर शिकारीसाठी जोपासलेले कुत्रे, बरगड्या दिसतील असं सडपातळ अंग, चरबी नावालाही नाही. पग आणि डॉबरमन यांनाही आखूड केसांमुळे गारठा सोसत नाही. आणि निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांची नोंद झाली होती.

पहाटे दूध आणायला निघालात की रस्त्याच्या कडेला बघा. कुत्रा चारी पाय पोटाखाली घेऊन, शेपटीत नाक खुपसून गोल झालेला असतो, कारण नाक, पंजे आणि पोटाची विरळ केसांची कातडी इथूनच अंगातली ऊब जाते. काही कुत्रे रात्री विझलेल्या शेकोटीच्या राखेत येऊन बसतात. काही नुकत्याच येऊन थांबलेल्या रिक्षाखाली शिरतात, कारण वर इंजिन गरम असतं. थंडी वाजत नसती तर त्यांनी हा खटाटोप केला असता का? याच कारणासाठी थंडीच्या दिवसांत गाडी सुरू करण्याआधी एकदा वाकून खाली बघत चला.

भाद्रपदातल्या कुत्र्यांवरून आपल्याकडे नको तितके विनोद होतात, पण हिशेब पुढे कोणी नेत नाही. कुत्री साधारण ६३ दिवस गाभण राहते. म्हणजे भाद्रपद-आश्विनातल्या जोड्यांची पिल्लं कार्तिक-मार्गशीर्षात, नेमकी थंडीच्या तोंडावर जन्मतात. पहिल्या आठवड्यात तर पिल्लाला कुडकुडताही येत नाही, आणि स्वतःचं अंग स्वतः गरम राखायला त्याला तीन-चार आठवडे लागतात. तोवर आईचं पोट आणि भावंडांची ऊब एवढाच आधार. आयसर कोलकाता या संस्थेच्या संशोधकांनी रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर नजर ठेवून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले, त्यात सात महिन्यांच्या वयापर्यंत जगलेली पिल्लं होती जेमतेम १९ टक्के. त्या मृत्यूंमध्ये माणसाचा हात मोठा होता, गाड्यांखाली येणं वगैरे. इतक्या निसटत्या जिवांबद्दल ‘देव बघून घेतो’ म्हणणं मला जमत नाही.

करायचं फार नसतं. वारा न लागणारा एक कोपरा, खाली पुठ्ठा किंवा फळी, वर कोरडं गोणपाट. ‘कोरडं’ हे महत्त्वाचं. दवानं भिजलेलं गोणपाट नसलेल्यापेक्षा वाईट, म्हणून दिवसा ते उन्हात टाकायला हवं. पिल्लांना उचलून दुसरीकडे नेऊ नका, आई असेल तिथेच आडोसा करा. स्वेटरच्या बाबतीत मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे. घरातल्या म्हाताऱ्या किंवा आखूड केसांच्या कुत्र्याला स्वेटरचा उपयोग होतो, पण भटक्या कुत्र्याला तो घालून निघून जाऊ नये. तो भिजतो, कशात तरी अडकतो, पायात गुंततो आणि काढायला कोणी नसतं.

आता फटाके. या मेसेजनं सगळ्यात जास्त नुकसान इथे केलंय असं मला वाटतं, कारण ‘सवय होते’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. आपल्याला जास्तीत जास्त वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला साधारण पंचेचाळीस हजारांपर्यंत, आणि आपल्याला जाणवतही नाहीत असे बारीक आवाज तो टिपतो. आपल्याकडे फटाक्याच्या आवाजाची मर्यादा फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबल आहे. ही मर्यादा माणसाच्या कानाच्या हिशेबानं ठरवलेली आहे. दोन्हीकडे इमारती असलेल्या गल्लीत सुतळी बॉम्ब फुटला की आवाज भिंतींवर आपटून परत येतो, आणि नेमका कुठून आला हे त्या कुत्र्याला कळत नाही.

सवय कशाची होते? जे रोज, ठरावीक वेळी होतं आणि ज्यातून काही वाईट घडत नाही त्याची. पहाटेच्या दूधगाडीची होते. अचानक, कुठूनही, कितीही वेळा होणाऱ्या स्फोटांची बहुतेक वेळा होत नाही. ज्या कुत्र्याच्या मनात भीती एकदा बसली, त्याची भीती दरवर्षी वाढत जाते आणि पसरते. आधी फटाका, मग ढगांचा गडगडाट, मग कुकरची शिट्टी, मग दार आपटल्याचा आवाज. काही कुत्रे खरोखरच बेफिकीर असतात, नाही असं नाही. पण ज्यांना आपण ‘सवय झालेले’ समजतो त्यातले कितीतरी भीतीनं थिजलेले असतात.

आमच्या गल्लीत एक काळी कुत्री आहे. एरवी हातातून बिस्किट ओढून घेते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती जिन्याखाली मीटरच्या पेटीमागे जाऊन बसते. वॉचमनकाका म्हणतात, ‘बघा, कशी शांत बसलीये.’ जवळ जाऊन पाहिलं तर बिस्किट नाकासमोर धरूनही ती हुंगत नाही. गार हवेतही जीभ बाहेर आणि धाप चालू. एकामागून एक जांभया, आणि त्या झोपेच्या नव्हेत. सारखे ओठ चाटणं, कान मागे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणारी नजर. उठून जागा बदलली की फरशीवर पंजांचे ओले ठसे राहतात, कारण कुत्र्याला घाम येतो तो तळपायांना. ही शांतता नाही. फक्त ती भुंकत नाही एवढंच.

जे थिजत नाहीत ते पळतात. भटका कुत्रा घाबरून दुसऱ्या टोळीच्या हद्दीत शिरला की चावे खातो, नाहीतर हमरस्त्यावर येतो. घरचा कुत्रा उघड्या दारातून सुटला की त्याला परतीची वाट सापडतेच असं नाही. म्हणून या दिवसांत गळ्यात फोन नंबर लिहिलेला पट्टा हवाच, मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर उत्तम. फेरी अंधार पडायच्या आत, साखळी हातात घट्ट. गच्ची आणि गॅलरी बंद. गोव्यात नरकासुराच्या रात्री पहाटेपर्यंत स्पीकर चालतात, तिथे तर रात्रभराची तयारी लागते.

‘घाबरला तर जवळ घेऊ नका.’ हा सल्ला जुना आहे आणि पूर्वी काही प्रशिक्षकही तो देत असत. पण भीती ही भावना आहे, बिस्किटासाठी केलेली करामत नव्हे. हात मागितल्यावर बिस्किट दिलं तर कुत्रा पुन्हा हात देईल, पण घाबरलेल्याच्या पाठीवर हात ठेवल्यानं तो जास्त घाबरायला शिकत नाही. तो तुमच्या पायाशी येऊन चिकटला तर चिकटू द्या, बोला, थोपटा. बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसला तर बसू द्या, ओढून बाहेर आणू नका. पडदे लावा, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवा. कानात कापूस कोंबू नका, आवाज फारसा अडत नाही आणि बोळा आत अडकतो.

भीती फारच असेल तर औषधं आहेत, आणि चांगली आहेत, पण ती पशुवैद्याला दिवाळीच्या आधी भेटून घ्यायची. घरातली झोपेची गोळी अजिबात नाही. काही जुन्या गुंगीच्या औषधांनी अंग ढिलं पडतं आणि भीती तशीच राहते. म्हणजे कुत्रा जागेवरून हलू शकत नाही, पण प्रत्येक स्फोट त्याला ऐकू येत असतो. याहून वाईट काय असेल? खरोखर सवय लावायची असेल तर तीही लावता येते: फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात, सोबत आवडता खाऊ, आवाज दिवसादिवसानं थोडा थोडा वाढवत. हे काम गणपतीच्याही आधी सुरू करायचं, वसुबारसेला नाही.

सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली होती. ती पाळली गेली तरी पुष्कळ झालं, फेरीची आणि जेवणाची वेळ तरी ठरवता येते. बिनआवाजाचे फटाके उडवणाऱ्यांसाठी एक गोष्ट: पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं २०१६ मध्ये फटाक्यांचा धूर मोजला तेव्हा सर्वात जास्त सूक्ष्म कण निघाले ते नागगोळीतून. कुत्र्याचं नाक जमिनीपासून किती उंचीवर असतं ते बघा. सकाळच्या फेरीनंतर त्याचे पंजे धुवा, जळक्या दारूची राख तो चाटतो.

फराळाकडे येते. बेदाणा आणि मनुका कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. किती खाल्ल्यावर हे सांगता येत नाही, एखादा पचवतो आणि एखादा थोडक्यात जातो, म्हणून शून्य हेच प्रमाण. चिवड्यात बेदाणे असतात, रव्याच्या लाडवावर एक बसवलेला असतो. चिवड्यातला तळलेला लसूण आणि कांदा रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. तुपातल्या-तेलातल्या पदार्थांनी स्वादुपिंडाला सूज येते, आणि ती फार दुखते. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून हळूहळू बाहेर पडतं, काळं कडू चॉकलेट सगळ्यात घातक. मधुमेही आजोबांसाठी आणलेल्या शुगर-फ्री मिठाईच्या डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का बघा. त्यानं कुत्र्याची साखर तासाभरात कोसळू शकते, यकृतही जातं. नाताळच्या प्लम केकमध्ये तर मनुका आणि रम एकत्रच. बेदाण्यांची खूण लगेच दिसत नाही, किडनी बिघडायला एक ते तीन दिवस लागतात. म्हणून ‘काल खाल्लं, आज ठणठणीत आहे’ यावर जाऊ नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्या मिठानंच जीव जातो. खाल्ल्याचं कळताच डॉक्टरांना फोन, आणि डबा किंवा वेष्टन सोबत.

पण सणाचा घास देऊच नये असं मी म्हणणार नाही. खंडोबाचा आणि दत्तगुरूंचा मान ज्या जनावराला आहे त्याला चंपाषष्ठीला आणि दत्तजयंतीला घास घालणं ही आपली चांगली रीत आहे. चंपाषष्ठीला चातुर्मासात वर्ज्य केलेला कांदा-लसूण पुन्हा सुरू होतो, त्यामुळे वांग्याच्या भरतात कांद्याची पात आणि लसूण भरपूर पडतो. वांगी भाजून सोलली की फोडणीआधीच कुत्र्याचा वाटा बाजूला काढा, मीठ-मिरचीशिवाय, आणि बाजरीच्या रोडग्याबरोबर तो घाला. दत्तजयंतीला पेढ्यांऐवजी पोळी किंवा उकडलेलं अंडं घाला.

ब्रँडी आणि गोळी यांना दोन ओळी पुरेत. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं आणि अंगातली ऊब उलट बाहेर जाते. कुत्र्याच्या वजनाला एक चमचाही जास्त होऊ शकतो. पॅरासिटामॉल यकृत खातं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घालवतं. आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळीनं पोटात व्रण होतात, किडनी जाते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला गरम लागला म्हणजे ताप आहे असंही नाही.

राहिली गच्ची. कुत्र्याला अन्न, पाणी, निवारा न देणं किंवा त्याला तासन्‌तास आखूड साखळीला बांधून ठेवणं हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी दुसऱ्या दिवशीचा भात आंबतो, पाण्याचं भांडं लवंडतं, आणि शेजारच्या गच्चीवरून पहिला रॉकेट सुटला की कठडा हीच त्याला वाट दिसते. बोर्डिंगमध्ये ठेवणार असाल तर डिस्टेंपर-पार्वो, रेबीज आणि केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) या आजारांची लस निदान दोन आठवडे आधी झालेली असू द्या. जागा स्वतः जाऊन बघा, रात्री तिथे माणूस झोपतो का हे विचारा. घरीच कोणी येऊन बघणार असेल तर ती व्यक्ती त्याच्या ओळखीची हवी. तिच्याकडे डॉक्टरांचा नंबर, रात्री उघड्या असलेल्या दवाखान्याचा पत्ता आणि गरज पडली तर उपचार करा असं तुम्ही लिहून दिलेलं पत्र ठेवा, म्हणजे तुमचा फोन लागेपर्यंत कोणाचं अडायला नको.