‘मत दिलं, पण यासाठी नव्हतं’ हे वाक्य आता बंद करा

इमिग्रेशन कोर्टाच्या बाहेर, तोंड झाकलेले अधिकारी एखाद्याला दोन्ही दंडांना धरून नेताहेत, मागे बायको रडतेय, असा व्हिडिओ आला की त्याखाली हमखास कुणीतरी लिहितं: "मी ट्रम्प यांना मत दिलं होतं, पण यासाठी दिलं नव्हतं." संताप येतो हे वाचून. अहो, मग कशासाठी दिलं होतं? कारण जे चाललंय ते सगळं आधी सांगून, छापून, फलकांवर लिहून झालेलं आहे.

जुलै 2024 मध्ये मिलवॉकीला रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन झालं. पक्षाच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच 20 आश्वासनं आहेत. त्यातलं दुसरं वाचा: अमेरिकेच्या इतिहासातली सर्वांत मोठी हद्दपारीची मोहीम राबवू. अधिवेशनात लोकांच्या हातात ‘सामूहिक हद्दपारी, आत्ताच’ असे छापील फलक होते. बेकायदा आलेल्यांच्या मुलांना जन्मानं मिळणारं नागरिकत्व पहिल्याच दिवशी आदेश काढून थांबवू, असं ट्रम्प मे 2023 मध्येच व्हिडिओत बोलले होते. युद्धकाळात शत्रूदेशाच्या नागरिकांना पकडून हाकलण्यासाठी केलेला 1798 चा ‘परकीय शत्रू कायदा’ वापरू, हे त्यांनी ऑक्टोबर 2024 मध्ये कोलोरॅडोतल्या अरोराच्या सभेत सांगितलं. त्याच महिन्यात, हद्दपारी करणाऱ्या ‘आइस’ या केंद्रीय खात्याचे माजी हंगामी प्रमुख टॉम होमन यांना टीव्हीवर विचारलं गेलं की कुटुंबं न तोडता एवढी हद्दपारी करता येईल का. ते म्हणाले, येईल, कुटुंबं एकत्रच हद्दपार करता येतात.

पुढे काय झालं? 20 जानेवारी 2025 ला नागरिकत्वाचा आदेश निघाला. 15 मार्चला 1798 च्या कायद्याखाली माणसांना घेऊन विमानं एल साल्वाडोरच्या तुरुंगाकडे निघाली, न्यायाधीश ती परत वळवायला सांगत असतानाही गेली. यात फसवणूक कुठे आहे? बोलल्याप्रमाणे केलं. तुम्ही ऐकलं नाहीत, किंवा ऐकून ‘बोलायचं म्हणून बोलतात’ असं स्वतःला समजावलंत.

आणि ट्रम्प यांची पहिली फेरी विसरलात का? एप्रिल 2018 मध्ये ‘झिरो टॉलरन्स’ जाहीर झालं आणि सीमेवर आईबापांवर खटले भरून पोरांना वेगळं केलं. 26 जूनला सॅन दिएगोच्या न्यायाधीशांना आदेश द्यावा लागला की पाच वर्षांखालची मुलं 14 दिवसांत आणि बाकीची 30 दिवसांत आईबापांना परत करा. सरकारला ते धड जमेना, कारण कुठलं मूल कुणाचं याची नीट जोडलेली नोंदच ठेवलेली नव्हती. एखाद्या गोदामात पेट्यांना चिठ्ठ्या लावतात, तेवढीही काळजी घेतली नव्हती. हे जगानं पाहिलं. त्यानंतरही ‘मला कल्पना नव्हती’ असं कुणी म्हणत असेल तर त्यानं निदान ते मोठ्यानं म्हणू नये.

दुसरी पळवाट याहून चीड आणणारी: "आम्हाला वाटलं, फक्त गुन्हेगारांना काढतील." साधी वजाबाकी करा. कागदपत्रं नसलेले लोक अमेरिकेत एक कोटीहून जास्त. प्रचारात आकडा दीड-दोन कोटींचा घेतला जात होता. आणि मोकळे असलेले किंवा निदान आइसच्या कोठडीत नसलेले, गुन्हा सिद्ध झालेले लोक त्या खात्याच्याच सप्टेंबर 2024 च्या पत्रानुसार सुमारे 4 लाख 25 हजार. हा आकडाही कित्येक वर्षांचा साचलेला, आणि त्यातले अनेक जण आधीच दुसऱ्या तुरुंगांत शिक्षा भोगत असलेले. मग उरलेले म्हणून काढायचे ते कोण होते? भांडी घासणारे, छपरं घालणारे, शेतात वाकून स्ट्रॉबेरी तोडणारे. दुसरं कोणी शिल्लकच नाही त्या हिशेबात.

वर रोजच्या अटकेचा आकडा ठरला की काय होतं, तेही समजून घ्या. मे 2025 मध्ये ट्रम्प यांचे व्हाइट हाउसमधले सल्लागार स्टीफन मिलर यांनी दिवसाला किमान 3,000 अटकांचं लक्ष्य जाहीरपणे सांगितलं. खरा गुन्हेगार शोधायचा तर पत्ता काढा, पाळत ठेवा, पाच-सहा माणसं लावा, आणि एवढं करून एक अटक. याउलट जो माणूस नियम पाळतो, तारखेला हजर राहतो, दरवर्षी कार्यालयात जाऊन सही करतो, त्याला पकडायला कष्ट नाहीत. म्हणून मे 2025 पासून कोर्टांच्या व्हरांड्यात हा प्रकार सुरू झाला: आत सरकारी वकील उभा राहून स्वतःच ‘खटला काढून टाका’ म्हणतो, आतल्या माणसाला वाटतं सुटलो, आणि दारातून बाहेर पडताच त्याला ताब्यात घेतात. खटला असा रद्द झाला की त्याला न्यायाधीशांपुढे न नेता झटपट हद्दपारीच्या रांगेत टाकता येतं, त्यासाठीच तो काढायचा. त्या झटपट प्रक्रियेची हद्द 21 जानेवारी 2025 लाच वाढवली होती. आधी सीमेपासून 100 मैलांत आणि 14 दिवसांच्या आत सापडलेल्यांना ती लागू होत असे. 2025 च्या त्या आदेशानं ती देशभर कुठेही लागू केली, दोन वर्षांचं वास्तव्य सिद्ध करता आलं नाही तर. सरकारनं दिलेला वकील मिळत नाही. परवडत असेल तर स्वतःचा करा, नाहीतर एकटे उभे राहा. आणि ते न्यायाधीशही स्वतंत्र न्यायपालिकेतले नाहीत, न्याय खात्याचे नोकर आहेत.

तुम्ही म्हणाल, एवढं बारीक सामान्य मतदारानं कुठून जाणायचं? बरं, ते सोडा. स्वतःच्या मतपत्रिकेकडे तरी बघा. राग खरा तिथे आहे.

लोक वरची एक ओळ भरतात, राष्ट्राध्यक्षाची, फार तर सिनेटची. खाली ‘शेरीफ’ (काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, निवडून येणारा पोलीसप्रमुख) आणि ‘काउंटी कमिशनर’ (जिल्ह्याचा कारभार पाहणारे) असे रकाने असतात, ते कोरे सोडतात, नाहीतर पक्षाचं नाव बघून खूण करून मोकळे होतात. आणि हद्दपारीचं यंत्र गावात चालतं ते याच दोन रकान्यांतून. कायद्याचं कलम 287(जी) शेरीफला आइसबरोबर करार करायची मुभा देतं. करार एका सहीचा. मग विना लायसन गाडी चालवली म्हणून कुणाला जेलमध्ये आणलं की शेरीफचाच माणूस जन्म कुठला विचारतो, सरकारी नोंदी तपासतो आणि डिटेनर काढतो. डिटेनर म्हणजे जामीन झाला तरी याला आणखी 48 तासांपर्यंत धरून ठेवा, आमची गाडी येतेय, अशी विनंती. त्यावर न्यायाधीशाची सही नसते. सोबत जे वॉरंट असतं त्यावरही इमिग्रेशन अधिकाऱ्याचीच सही. ज्या पानाला लोक ‘कोर्टाचा हुकूम’ समजून घाबरतात, ते कोर्टानं पाहिलेलंच नसतं.

या करारांचा एक प्रकार रस्त्यावरच्या चौकशीचा, ‘टास्क फोर्स’ म्हणतात तो. वांशिक भेदभावाच्या तक्रारींनंतर 2012 अखेर तो बंद केला होता. 2025 मध्ये पुन्हा सुरू केला. जानेवारी 2025 मध्ये सगळे मिळून 135 करार होते, वर्ष संपायच्या आत हजाराच्या वर गेले. यातले किती शेरीफ मतदारांनी नाव न वाचता निवडून दिले असतील!

आणि उलटं घडू शकतं याचे पुरावे आहेत, म्हणून तर चीड जास्त येते. नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट शहर ज्या मेक्लनबर्ग काउंटीत येतं, तिथे 2006 पासून करार होता. मे 2018 च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मतदारांनी विद्यमान शेरीफला पाडलं, नव्या शेरीफनं डिसेंबरमध्ये करार संपवला. जॉर्जियातल्या कॉब आणि ग्विनेट काउंट्यांत नोव्हेंबर 2020 ला शेरीफ बदलले आणि जानेवारी 2021 मध्ये करार गेले. वॉशिंग्टनला कोण बसलंय याच्याशी त्याचा संबंध नव्हता. अर्थात मेक्लनबर्गची गोष्ट तिथे थांबली नाही. राज्याच्या विधिमंडळानं नोव्हेंबर 2024 मध्ये गव्हर्नरांचा नकाराधिकार मोडून कायदा केला की शेरीफांनी आइसशी सहकार्य केलंच पाहिजे. म्हणजे राज्य विधिमंडळाचा रकानाही कोरा सोडून भागत नाही.

फिनिक्सची मॅरिकोपा काउंटी बघा. जो आर्पायो 1992 मध्ये शेरीफ झाले आणि सहा वेळा निवडून आले. उन्हात तंबूंचा तुरुंग चालवला. 2009 मध्ये केंद्रानं त्यांची रस्त्यावरच्या चौकशीची परवानगी काढून घेतली. मे 2012 मध्ये न्याय खात्यानं दावा लावला, आणि त्याच नोव्हेंबरात लोकांनी त्यांना परत निवडून दिलं. 2013 मध्ये कोर्टानं ठरवलं की लॅटिनो लोकांना वंशावरून अडवलं जात होतं. त्या निकालाच्या पालनाचा कोट्यवधी डॉलरचा खर्च कुणी भरला? काउंटीच्या करदात्यांनी. अखेर नोव्हेंबर 2016 मध्ये ते पडले. लक्षात घ्या, त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, त्याच काउंटीत ट्रम्प जिंकले होते. म्हणजे मतदाराला वेगवेगळं ठरवता येतं, मनात आणलं तर. चोवीस वर्षं मनात आणलं नाही.

पैशाचंही तेच. 2025 च्या जुलैत जो मोठा कायदा झाला, त्यात स्थानबद्धता केंद्रांसाठी 45 अब्ज डॉलर आहेत. सिनेटमध्ये 51 विरुद्ध 50, उपराष्ट्राध्यक्षांच्या मतानं. हाउसमध्ये 218 विरुद्ध 214. एवढ्या काठावरच्या मतदानात तुमचा प्रतिनिधी कुठे उभा होता, माहीत आहे? नावनिशीवार नोंद सगळ्यांसाठी उघडी असते, शोधायला दोन मिनिटं लागतात.

आता दुसऱ्या बाजूच्यांनी फार मान ताठ करू नये. ज्या 1996 च्या कायद्यात 287(जी) आलं, त्यावर सही बिल क्लिंटन यांची. वर्षभराहून जास्त बेकायदा राहून देश सोडला तर दहा वर्षं परत येता येत नाही, ही बंदीही त्यातलीच. त्यामुळेच अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेल्या अनेकांचीही कागदपत्रं सरळ होत नाहीत, आणि ‘हे लोक रांगेत का उभे राहत नाहीत’ असं विचारणाऱ्यांना रांगच बंद आहे हे कळत नाही. ओबामांच्या काळात 2012 या आर्थिक वर्षात चार लाखांवर लोक हद्दपार झाले, तेव्हा किती जण रस्त्यावर आले होते? जानेवारी 2025 च्या लेकन रायली कायद्यानं चोरीच्या नुसत्या आरोपावर, दोष सिद्ध न होता, सक्तीची स्थानबद्धता आणली. सिनेटमध्ये 12 डेमोक्रॅट्सनी त्याला होकार दिला. त्यांना मत देणारेही ‘आम्ही विरोधात होतो’ म्हणत फिरतात.

आणि घरी बसलेले? 2024 मध्ये हक्क असलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोकांनी मतच दिलं नाही. विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्वेनिया या निकाल ठरवणाऱ्या तिन्ही राज्यांतलं जिंकणाऱ्या-हरणाऱ्यातलं अंतर मिळून सुमारे 2 लाख 30 हजार मतांचं. न मत देणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात ही समजूत कुठून आली कोण जाणे.

आपल्या लोकांबद्दलही बोलायलाच हवं. ‘आपण कायदेशीर आलो, आपला काय संबंध’ असं म्हणणाऱ्यांनी 5 फेब्रुवारी 2025 ला अमृतसरला 104 भारतीय बेड्या घालून उतरवलेले पाहिले आणि मान फिरवली. 19 सप्टेंबरला नव्या एच-1बी अर्जांवर 1 लाख डॉलरची आकारणी जाहीर झाली तेव्हा मात्र रात्रभर झोप लागली नाही. नागरिकत्व घेऊन दहा-दहा वर्षं झालेली माणसं मतदार म्हणून नावनोंदणी करत नाहीत, कारण ज्युरी ड्यूटी लागेल ही भीती. ज्युरीसाठी अनेक ठिकाणी लायसनच्या यादीतूनही नावं काढतात, ती टळतच नाही. ग्रीन कार्डला पाच वर्षं झाली, नागरिकाशी लग्न असेल तर तीन, की नागरिकत्वाचा अर्ज, एन-400, भरता येतो, ऑनलाइन 710 डॉलर. ते ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत ढकलायचं आणि मग मत नाही म्हणून हळहळायचं.

एक मात्र कळकळीनं सांगतो, कारण यात घरं उद्ध्वस्त झालीत: नागरिक नसाल तर गाडीचं लायसन काढताना मतदार नोंदणीच्या चौकटीवर चुकूनही खूण करू नका. नागरिक असल्याचा खोटा दावा ठरला तर पुढे ग्रीन कार्ड, नागरिकत्व, सगळंच कायमचं अडकतं, आणि ‘काउंटरवरच्या बाईंनी भरून दिलं’ हे सहसा ऐकून घेत नाहीत.

ज्यांना मत आहे त्यांनी शेरीफच्या उमेदवाराला गाठून विचारा: करार आहे का, कुठल्या प्रकारचा? न्यायाधीशाच्या वॉरंटाशिवाय 48 तास धरून ठेवणार का? जेलमधल्या खाटा आइसला भाड्यानं दिल्यात का, रात्रीचा दर काय? तो भाडेकरार कमिशनरांच्या बैठकीत मंजूर होतो, विषयपत्रिका आधी लागते, नागरिकांना बोलायला माणशी दोन-तीन मिनिटं मिळतात, आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या असतात. सहसा त्याच रिकाम्या खुर्च्यांसमोर हात वर होतात आणि करार मंजूर होतो.