"नरच घ्या, मादी नको" हा मेसेज पुढे पाठवण्याआधी जरा हे वाचा

पिल्लू घ्यायचं ठरलं की कोणी ना कोणी तो मेसेज पाठवतंच. त्यात असतं की ब्रीड कुठलंही घ्या पण नरच घ्या, नर जास्त निष्ठावान, राखण तोच करतो, मादीची हीटमुळे (माजावर येण्यामुळे) वर्षभर कटकट, तिला एकदा तरी पिल्लं व्हायलाच हवीत नाहीतर आजारी पडते, नसबंदी केली की कुत्रं जाड आणि मंद होतं, मादीच्या लघवीने लॉन जळतं. याच्या उलटाही एक फिरतो, मादीच घ्या, शांत असते, नर पळून जातो. लोक हे वाचून आधीच ठरवून येतात आणि मग सगळ्यात मनमिळाऊ, न घाबरणारं पिल्लू फक्त मादी आहे म्हणून मागे राहतं. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

निष्ठा. इथे जपानमधल्या हाचिको या कुत्र्याचं नाव येतंच, तो नर होता, मालक 1925 मध्ये गेले आणि हा 1935 मध्ये मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर त्यांची वाट बघत राहिला, सगळं खरंय. पण मग जुडीचं काय? ती पॉइंटर जातीची मादी, दुसऱ्या महायुद्धात सुमात्रामधल्या जपानी छावणीत सैनिकांसोबत राहिली, युद्धकैदी म्हणून तिची अधिकृत नोंद झाली आणि 1946 मध्ये तिला युद्धात कामगिरी केलेल्या प्राण्यांना देतात ते डिकिन मेडल मिळालं. एकेका कुत्र्यावरून नर मादीचा निकाल लागत नाही हो. माया लागते ती रोज खायला कोण घालतं, फिरवायला कोण नेतं, खेळतं कोण यावरून, आणि साधारण 3 ते 14 आठवड्यांच्या वयात पिल्लाने माणसं, आवाज, इतर कुत्री किती आणि कशी बघितली यावरून. हा काळ वाया गेला तर नर असो वा मादी, पुढे भित्रेपणा निस्तरत बसावं लागतं.

बरं, 2022 मध्ये सायन्स या नियतकालिकात 18 हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास आला होता, त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के फरक ब्रीडवरून सांगता येतो असं निघालं. नुसत्या ब्रीडवरून स्वभाव इतका कमी कळतो, मग एकाच लिटरमधल्या, म्हणजे एका वेळी जन्मलेल्या, भावाबहिणींचा स्वभाव फक्त लिंग बघून कोणी कसा सांगेल? हुशारीचंही तेच, चेझर नावाच्या बॉर्डर कोलीला हजाराहून जास्त खेळण्यांची नावं पाठ होती, ती मादी होती.

राखणीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करते. नर अंगाने मोठा असतो. जर्मन शेफर्डच्या स्टँडर्डमध्ये (जातीच्या ठरलेल्या मापांत) नर 30 ते 40 किलो, मादी 22 ते 32 किलो. रॉटवायलर नर 50 किलोच्या आसपास, मादी 42. पण दारावर अनोळखी माणूस आल्यावर भुंकून सांगायला 22 किलो पुरेसे होतात, आणि खरा प्रश्न उलटाच आहे, 40 किलोचं कुत्रं पट्टा ओढून धावलं तर घरातल्या कोणाला आवरणार आहे? आजीआजोबा फिरवणार असतील तर हे आकडे आधी बघा.

आता हीट, कारण सगळी भीती इथेच आहे आणि अर्धवट माहितीही इथेच. पहिली हीट बहुतेक 6 ते 12 महिन्यांत येते, छोट्या जातींत लवकर, अगदी मोठ्या जातींत कधी कधी दीड दोन वर्षांनी. मग साधारण दर 6-7 महिन्यांनी, बसेंजीसारख्या जातीत तर बहुतेक वर्षातून एकदाच. एक हीट दोन ते तीन आठवडे. म्हणजे वर्षभर वगैरे काही नाही, फार तर वर्षातले सहा आठवडे सांभाळायचे. पण ते आठवडे नीट सांभाळायला हवेत कारण लोक नेमके एका ठिकाणी फसतात: पहिले नऊएक दिवस रक्त जातं, नर मागे लागतात पण ती जवळ येऊ देत नाही, मग रक्त फिकट होतं, कमी होतं, घरच्यांना वाटतं संपलं एकदाचं आणि पट्टा सुटतो, आणि गर्भ राहण्याचे दिवस तेव्हाच सुरू झालेले असतात. डायपरने फरशी स्वच्छ राहते, मेटिंग थांबत नाही. पूर्ण तीन आठवडे पट्ट्याशिवाय बाहेर नाही आणि अंगणात एकटी नाही, इतकं पाळलं तरी पुष्कळ. हीटनंतर दीडदोन महिन्यांनी काही माद्या खेळणी गोळा करून कुशीत घेऊन बसतात, दूधही येतं, ती खोटी गर्भावस्था, बहुतेक वेळा आपोआप ओसरते.

आणि नराला सीझन नसतो हे कोणी लिहीतच नाही. तो वर्षभर तयार. जवळपास कुठे मादी हीटवर आली की न्यूटर म्हणजे नसबंदी न केलेला नर जेवण सोडतो, रात्रभर रडतो, दार उघडं दिसलं की पळतो. त्यामुळे कटकट फक्त मादीची हा हिशोबच चुकीचा आहे.

"एकदा पिल्लं होऊ द्या" या वाक्याने मात्र माझा संताप होतो. याला वैद्यकीय आधार काहीच नाही. साधारण 63 दिवसांची गर्भावस्था, बाळंतपणाचा धोका, कधी सिझेरियन, वर प्रत्येक पिल्लासाठी घर शोधायचं, हे सगळं एका ऐकीव गोष्टीसाठी. जपायचं असतं ते पायोमेट्राला, म्हणजे गर्भाशयात पू होणं. नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये हे अजिबात दुर्मिळ नाही, स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींत 10 वर्षांच्या वयापर्यंत साधारण चारातल्या एकीला झालेलं दिसलं. हीटनंतर काही आठवड्यांत मादी खूप पाणी पीत असेल, मरगळली असेल, उलट्या होत असतील तर त्याच दिवशी व्हेटकडे न्या, खालून स्राव दिसत नाही म्हणून थांबू नका, गर्भाशयाचं तोंड बंद असलेला पायोमेट्रा जास्त घातक.

नसबंदीने जाड होतं यात थोडं खरं आहे, ऑपरेशननंतर भूक वाढते आणि अंगाची खाण्याची गरज कमी होते, तेव्हा वाटी थोडी कमी भरायची. मंद वगैरे होत नाही. नरात भटकणं, जागोजागी खुणेची लघवी, अंगावर चढणं हे बऱ्याचदा कमी होतं, पण भीतीतून चावणारा कुत्रा त्याने सुधारत नाही, उलट कधी जास्त बिचकतो. वेळ कधी, हा प्रश्न खरा महत्त्वाचा. गोल्डन रिट्रीव्हरवर 2013 च्या अभ्यासात एक वर्षाच्या आत ऑपरेशन केलेल्यांना सांध्यांचे त्रास जास्त दिसले, छोट्या जातींत तसं दिसत नाही. मोठ्या जातीच्या माद्यांना ऑपरेशननंतर पुढे लघवी गळण्याचा त्रास होऊ शकतो, न्यूटर न केलेल्या नरांना म्हातारपणी प्रोस्टेट वाढण्याचा. म्हणून आपल्या ब्रीडला कोणतं वय बरं ते व्हेटशी बोलून ठरवा.

लॉन जळतं ते लघवीतल्या नायट्रोजनमुळे, मादी एकाच जागी बसून सगळी करते म्हणून डाग दिसतो, तिची लघवी काही वेगळी नसते. वर पाणी ओता, झालं. तंगडी वर करून कोपरे, खांब भिजवणं बहुतेक नराचंच काम. सोव्हिएत अंतराळ मोहिमांत लायका या कुत्रीसकट बहुतेक माद्याच घेतल्या, त्यामागे एक कारण हेही होतं की त्यांना लघवीला पाय वर करावा लागत नाही.

उलट्या मेसेजबद्दल एवढंच की मादी शांत ही हमी नाही. 6 ते 18 महिन्यांत दोघंही तुमचा जीव काढतात, ऐकलेलं विसरतात, सगळं कुरतडतात.

लिंग बघावंच लागतं ते घरात आधीच एक कुत्रं असेल तेव्हा. एकाच घरातली भांडणं जास्त करून एकाच लिंगाच्या कुत्र्यांत होतात आणि दोन माद्यांमधली तर बऱ्याचदा मिटवायला फार अवघड. घरात मादी असेल तर नर बरा, नर असेल तर मादी, फक्त निदान एकाचं ऑपरेशन वेळेवर. पहिलंच कुत्रं असेल तर लिटर ज्यांनी आठ आठवडे सांभाळलंय त्यांना विचारा की कुठलं पिल्लू दचकल्यावर पटकन सावरतं, कुठलं हातात निवांत राहतं, आईबाबांचे हिप आणि डोळे तपासलेत का, आणि नर असेल तर दोन्ही अंडकोष खाली उतरलेत का तेही व्हेटकडून बघून घ्या.