बुकिंग भागिले क्षमता: हा हिशोब ट्रकमालकाला महागात पडेल

ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. नव्या इलेक्ट्रिक ट्रकच्या बुकिंगला कारखान्याच्या वार्षिक क्षमतेने भागा, तेवढ्या वर्षांत गाडी दारात. इंजिन-गिअरबॉक्स नाही, म्हणजे भाग कमी, म्हणून उत्पादन झपाट्याने वाढतं. तेव्हा जुनी डिझेल गाडी आत्ताच भंगारात काढा आणि अनुदान पदरात पाडून घ्या. हिशोब चुकीचा आहे, आणि शेवटचा सल्ला तर घातक आहे.

आधी क्षमता. सगळं सुरळीत बसल्यावर जास्तीत जास्त किती गाड्या निघतील, एवढंच तो आकडा सांगतो. अमेरिकेतल्या रिव्हियन या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपनीच्या कारखान्याची क्षमता वर्षाला दीड लाख गाड्यांची सांगितली जायची. सप्टेंबर २०२१ मध्ये पिकअप ट्रकची डिलिव्हरी सुरू झाली आणि त्या वर्षी एकूण गाड्या बनल्या १,०१५. पुढच्या पूर्ण वर्षात, सगळी मॉडेलं धरून, २४,३३७.

"भाग कमी" हे तर कोल्हापुरात कुणी पटवून घेऊ नये. शिरोलीतल्या कुठल्याही फौंड्रीत विचारा. नवीन कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागाची, ऑर्डर आली की आधी पॅटर्न (साच्याचा नमुना), मग सॅम्पल, मशीनिंग, मापं, कंपनीची मंजुरी, छोटा लॉट, त्यातलं रिजेक्शन, दुरुस्ती, आणि मग कुठे रोजचा माल. प्रत्येक नव्या भागाला ही वाट चालावी लागते, आणि सर्वांत मागे राहिलेला भागच उत्पादनाचा वेग ठरवतो. बाकी सगळे तयार असून उपयोग नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच रिव्हियनने वर्षाचा अंदाज ५७,००० वरून ४७,००० ते ४९,००० वर आणला. कारण होतं मोटरमधल्या तांब्याच्या वाइंडिंगचा (तारेच्या वेढ्यांचा) तुटवडा. गाडीचं उत्पादन सुरू होऊन तीन वर्षं झाली होती तेव्हा.

बुकिंगचा आकडाही पक्का नसतो. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंग या इलेक्ट्रिक पिकअपला सुमारे दोन लाख नोंदण्या आल्या, पण त्या शंभर डॉलरच्या आणि परत मिळणाऱ्या. २०२२ मध्ये विक्री झाली १५,६१७ गाड्यांची. रांगेतले किती जण खरोखर पैसे भरणार हे माहीत नसताना भागाकार कशाचा करायचा?

जाहीर केलेल्या तारखेबद्दल एकच उदाहरण. टेस्लाचा सेमी हा इलेक्ट्रिक ट्रक नोव्हेंबर २०१७ मध्ये दाखवला, उत्पादन २०१९ ला म्हणाले, पहिली डिलिव्हरी झाली डिसेंबर २०२२ मध्ये. आणि ती पहिली होती. रांगेतल्या शेवटच्या माणसाची नव्हे.

मग अंदाज करायचा कसा? केंद्राच्या वाहन पोर्टलवर कंपनीनिहाय नोंदणीचे मासिक आकडे सगळ्यांना खुले आहेत. गेल्या काही महिन्यांत नोंदणी कितीने वाढली ते बघा. डीलरला आपल्या बॅटरीच्या व्हेरिएंटमध्ये आपला नंबर कितवा ते विचारा, आणि तारीख लेखी मागा.

अनुदानाची घाई मला समजते. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या योजनेत एका इलेक्ट्रिक ट्रकला कमाल ९.६ लाख रुपये आहेत, ते साधारण ५,६०० ट्रकांपुरतेच, आणि जुना ट्रक मोडल्याचं प्रमाणपत्र लागतं. पण ऊसवाहतुकीचा करार केलेल्या मालकाने गाडी आधी मोडली आणि नवी गाडी गळीत हंगाम संपल्यावर आली, तर साखर कारखान्याची उचल आणि बँकेचा हप्ता फेडायचा कशातून? वाटप झालेल्या गाडीचा चेसिस नंबर डीलरकडून लेखी मिळेपर्यंत जुनी गाडी रस्त्यावरच ठेवा.