‘एका वर्षात अमेरिकेत नर्स’ : एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

बारावीचे आणि नर्सिंगचे निकाल लागू लागले की व्हॉट्सॲपच्या गटांमधून एक मजकूर फिरू लागतो. त्याचे शब्द दर वेळी थोडे बदलतात, आशय तोच राहतो. अमेरिकेत ‘लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स’, म्हणजे एलपीएन, हा केवळ एका वर्षाचा कोर्स आहे. तो घरबसल्या ऑनलाइन करता येतो. आपल्याकडची एएनएम, म्हणजे ‘ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ’, हीच तिकडची एलपीएन, त्यामुळे एएनएम झालेल्या मुलींना तोही करावा लागत नाही. परीक्षा नाममात्र असते. पगार वर्षाला पन्नास लाख रुपये मिळतो. आणि अमेरिकेत नर्सची टंचाई असल्यामुळे ग्रीन कार्ड लगेच हाती पडते, असे त्यात सांगितलेले असते. खाली एक मोबाइल क्रमांक आणि ‘मोजक्याच जागा शिल्लक’ ही सूचना.

या मजकुरात खऱ्याखोट्याची अशी सरमिसळ आहे की जी विधाने चटकन पडताळता येतात ती बरीचशी खरी निघतात आणि त्यांच्या भरवशावर उरलेलीही खरी मानली जातात. म्हणून एकेक विधान वेगळे काढून पाहणे भाग आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकणे बरे: अमेरिकेत राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क ज्यांना आधीच मिळालेला आहे त्यांच्यासाठी एलपीएन हा प्रतिष्ठेचा आणि पोटापाण्याला पुरणारा व्यवसाय आहे, तो हक्क मिळवण्याची वाट म्हणून मात्र भारतात बसलेल्या मुलीला त्याचा जवळजवळ काहीही उपयोग नाही.

‘एका वर्षाचा कोर्स’ हे विधान पुष्कळसे बरोबर आहे. शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या व्यक्तीला कम्युनिटी कॉलेजात किंवा तांत्रिक शाळेत हे प्रशिक्षण साधारण बारा महिन्यांत पूर्ण करता येते. पण वर्ष म्हणजे किती, हे तासांत मोजले की चित्र स्पष्ट होते. कॅलिफोर्नियात, जिथे या नर्सला एलपीएनऐवजी ‘लायसन्स्ड व्होकेशनल नर्स’ म्हणतात, किमान १,५३० तासांचे प्रशिक्षण लागते. त्यांपैकी ५७६ तास वर्गातले आणि ९५४ तास प्रत्यक्ष रुग्णांजवळचे असतात. म्हणजे अर्ध्याहून बराच अधिक काळ विद्यार्थिनी रुग्णालयात किंवा वृद्धांच्या शुश्रूषागृहात उभी असते. प्रवेशापूर्वीची तयारी, लसीकरणाचे दाखले, गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी, त्यानंतरची परीक्षा आणि परवाना यांचा काळ या वर्षाच्या बाहेरचा असतो.

या तासांच्या हिशेबातच ‘घरबसल्या ऑनलाइन’ या विधानाचे उत्तर आहे. वर्गातला भाग काही शाळा ऑनलाइन शिकवतात. रुग्णाची कूस बदलणे, जखमेचे ड्रेसिंग करणे किंवा इन्सुलिन देणे पडद्यावर शिकता येत नाही आणि कोणतेही राज्य तशा पदविकेवर परवाना देत नाही. बनावट पदविकांचे काय होते, हे जानेवारी २०२३ मध्ये दिसले. ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ या नावाने झालेल्या कारवाईत अमेरिकेच्या न्याय खात्याने २५ जणांवर आरोप ठेवले. दक्षिण फ्लोरिडातील तीन नर्सिंग शाळांनी प्रत्यक्ष प्रशिक्षण न देता ७,६०० हून अधिक खोट्या पदविका विकल्याचे उघड झाले आणि त्यांत एलपीएनच्याही पदविका होत्या. त्यानंतर राज्याराज्यांच्या नर्सिंग मंडळांनी जुने परवाने पुन्हा तपासायला घेतले. पैसे मोजून मिळवलेला तो कागद पुढे संबंधितांच्याच गळ्याशी आला.

‘एएनएम म्हणजेच एलपीएन’ हे विधान सर्वांत मोहात पाडणारे आहे, कारण त्याला वरवर आधार आहे. दोन्ही अभ्यासक्रम आपापल्या देशातील नर्सिंगच्या उतरंडीत दुसऱ्या पायरीवर आहेत. आपल्याकडे एएनएमच्या वर जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी ही पदविका) आणि बीएस्सी नर्सिंग, तिकडे एलपीएनच्या वर रजिस्टर्ड नर्स, म्हणजे आरएन. उतरंडीतील जागा सारखी असली तरी काम सारखे नसते, आणि इथे तर ते पार वेगळे आहे. भारतीय परिचर्या परिषदेने आखलेला एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यातले सहा महिने आंतरवासितेचे असतात. पहिल्या वर्षी सामुदायिक आरोग्य परिचर्या, आरोग्य संवर्धन, प्राथमिक आरोग्य परिचर्या आणि बाल आरोग्य परिचर्या. पुढे प्रसूतिशास्त्र आणि आरोग्य केंद्राचे व्यवस्थापन. उपकेंद्रावर काम करणारी, गरोदर मातांची नोंदणी ठेवणारी, लसीकरणाचे सत्र घेणारी, कुपोषित बाळाच्या दंडाचा घेर मोजणारी आणि वेळ आली तर बाळंतपण करणारी कार्यकर्ती घडवण्यासाठी तो आखलेला आहे. मैदानी भागात पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, हा त्या व्यवस्थेचा पाया.

अमेरिकेतल्या एलपीएनच्या वाट्याला बाळंतपण करणे येत नाही. सर्वाधिक एलपीएन शुश्रूषागृहांत आणि वृद्धांच्या निवासी संस्थांत काम करतात. ऐंशी-नव्वदीच्या पंचवीस-तीस रुग्णांना ठरलेल्या वेळी औषधे देत फिरणे, रक्तातील साखर तपासून इन्सुलिन देणे, लघवीचा कॅथेटर सांभाळणे, झोपून झालेल्या जखमांची निगा राखणे, विस्मरणाने भांबावलेल्या रुग्णाला समजावणे आणि प्रत्येक गोष्टीची नोंद करणे, हा त्यांचा दिवस. एएनएमच्या अभ्यासक्रमात मेडिकल-सर्जिकल नर्सिंग हा स्वतंत्र विषयच नाही, आणि एलपीएनच्या प्रशिक्षणाचा कणा नेमका तोच आहे. परदेशी प्रमाणपत्रांची तपासणी करणारी संस्था विषयवार तास मोजते, तेव्हा ही तूट लपत नाही. एएनएम कमी प्रतीची आहे, असे यातून कोणी काढू नये. मेळघाटातल्या उपकेंद्रावर रात्री एकटीने प्रसूती हाताळणारी एएनएम जे करते ते ओहायोतल्या एलपीएनला करता येणार नाही, परवाना तिला ते करूही देणार नाही. दोन वेगळ्या गरजांसाठी घडवलेले हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, आणि दलालाने त्यांच्यामध्ये बरोबरीचे चिन्ह काढून ठेवले आहे.

परीक्षेबद्दल थोडक्यात. एलपीएनच्या परवान्यासाठी एनक्लेक्स-पीएन ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि तिला बसण्याची परवानगी संबंधित राज्याचे नर्सिंग मंडळ कागदपत्रे तपासून देते. परीक्षा संगणकावर होते आणि प्रत्येक उत्तरानुसार पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते. किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न, वेळ पाच तास. परीक्षार्थी उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची ९५ टक्के खात्री संगणकाला झाली की परीक्षा तिथेच थांबते. १ एप्रिल २०२३ पासून नव्या पद्धतीत एकाच रुग्णाची सविस्तर माहिती देऊन त्यावर क्रमाने प्रश्न विचारले जातात, म्हणजे आधी काय लक्षात घ्याल, मग कशाला प्राधान्य द्याल, मग काय कराल. नापास झाल्यास पुन्हा बसायला किमान ४५ दिवस थांबावे लागते. पाठांतरावर पेपर काढायची सवय लागलेल्यांना ही पद्धत अवघड जाते, आणि परदेशात शिकलेल्यांचे उत्तीर्णतेचे प्रमाण अमेरिकेत शिकलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आहे. ‘नाममात्र’ हा शब्द कशावरून आला असावा, हे समजत नाही.

पगाराचा आकडा मात्र चक्क खरा आहे. अमेरिकी श्रम सांख्यिकी विभागाच्या मे २०२४ च्या आकडेवारीनुसार एलपीएनचे मध्यक वार्षिक वेतन ६२,३४० डॉलर होते. रुपयांत मांडले की ते पन्नास लाखांच्या पुढे जाते. पण खर्चही डॉलरमध्येच करायचा असतो, आणि त्याच यादीत आरएनचे मध्यक वेतन ९३,६०० डॉलर आहे, हे मजकुरात कधी लिहिलेले नसते.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे ग्रीन कार्डाकडे. अमेरिकेत नर्सची टंचाई आहे, हे खरे. मात्र टंचाई म्हणजे व्हिसा नव्हे. अमेरिकेच्या श्रम खात्याने काही व्यवसायांसाठी ‘शेड्यूल ए’ नावाची सवलत ठेवली आहे. त्या व्यवसायांत स्थानिक माणसे अपुरी आहेत हे आधीच मान्य केलेले असल्याने नोकरी देणाऱ्या संस्थेला ते नव्याने सिद्ध करावे लागत नाही. या यादीत फिजिओथेरपिस्ट आहेत आणि ‘प्रोफेशनल नर्स’ आहेत. या दुसऱ्या शब्दाचा अर्थ आरएन असाच आहे. त्यासाठी एनक्लेक्स-आरएन ही आरएनची परवाना परीक्षा उत्तीर्ण असणे, राज्याचा पूर्ण परवाना असणे किंवा परदेशी नर्सची पात्रता तपासणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र असणे, यांपैकी काही तरी दाखवावे लागते. एलपीएन या यादीत नाही. दलालाने ‘नर्स’ हा एकच शब्द दोघींसाठी वापरून आरएनची सवलत एलपीएनच्या नावावर खपवली आहे.

मग एलपीएनसाठी उरते काय? संस्थेने त्या जागेसाठी प्रचलित वेतन ठरवून घ्यायचे, जाहिराती द्यायच्या, पात्र आणि इच्छुक अमेरिकी उमेदवार मिळाला नाही हे दाखवायचे, आणि मग रोजगार-आधारित तिसऱ्या वर्गात, ज्याला ईबी-३ म्हणतात, अर्ज करायचा. या वर्गातील ‘कुशल कामगार’ ठरण्यासाठी त्या नोकरीला किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण किंवा अनुभव आवश्यक असावा लागतो. वर्षभराच्या प्रशिक्षणावर मिळणारी नोकरी सहसा त्यात बसत नाही आणि ‘इतर कामगार’ या पोटवर्गात जाते, जिथे जगभरासाठी मिळून वर्षाला कमाल १०,००० व्हिसांची मर्यादा आहे. त्यातही देशनिहाय मर्यादा असल्याने भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. ही रांग आरएनलाही चुकत नाही. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा तर पदवी आवश्यक असलेल्या नोकऱ्यांसाठी आहे, त्यामुळे एलपीएनला ते दारही बंद. शिवाय १९९६ च्या स्थलांतर कायद्यानुसार परदेशी आरएनप्रमाणेच एलपीएनलाही शिक्षण, परवाना आणि इंग्रजी यांची तपासणी झाल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणजे अटी आरएनच्या आणि सवलत मात्र नाही, असा हा व्यवहार आहे.

‘विद्यार्थी व्हिसावर जाऊन एलपीएन करा आणि तिथेच राहा’ असाही सल्ला दिला जातो. व्यावसायिक शाळांतील विद्यार्थ्यांना दिल्या जाणाऱ्या एम-१ व्हिसावर शिकत असताना नोकरी करता येत नाही आणि शिक्षणानंतरचे व्यावहारिक प्रशिक्षण जास्तीत जास्त सहा महिन्यांचे असते. फी परदेशी विद्यार्थ्याची, म्हणजे सहसा चढी. सहा महिन्यांनंतर काय, याचे उत्तर सल्ला देणाऱ्याकडे नसते.

यातला सर्वांत मोठा तोटा जीएनएम आणि बीएस्सी झालेल्या मुलींचा होतो. त्यांच्या शिक्षणाचे मूल्यमापन होऊन अनेक राज्यांत थेट एनक्लेक्स-आरएनला बसता येते, आणि तो मार्ग लांब असला तरी खरा आहे. अशा मुलीला ‘आधी सोपे म्हणून एलपीएन’ असे सांगून खालच्या परवान्याकडे वळवणे म्हणजे तिचे पैसे आणि वर्षे दोन्ही बुडवणे. परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते आणि त्याला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. आकडा याच्या पुढे गेला की तिथेच नोंदणी क्रमांक विचारावा.

ज्यांच्यासाठी एलपीएन खरोखर योग्य आहे त्यांचा या मजकुरात उल्लेखही नसतो. न्यू जर्सीत, डॅलसच्या आसपास किंवा कॅलिफोर्नियात नवऱ्याच्या नोकरीमुळे गेलेल्या कितीतरी मराठी स्त्रिया एच-४ व्हिसावर आहेत. त्यांना शिक्षण घेता येते. नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर झालेला असेल तर २०१५ पासून लागू असलेल्या नियमाने कामाची परवानगीही मागता येते. अशा स्त्रीला मुले शाळेत जाऊ लागल्यावर घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात वर्षभर शिकून परवाना मिळवणे आणि पुढे एलपीएनपासून आरएनकडे नेणारा पूरक अभ्यासक्रम करणे शक्य असते. मात्र परवाना राज्याचा असतो. अनेक राज्यांनी परस्परांचे परवाने मान्य करण्याचा करार केला आहे, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्यात नाहीत. नवऱ्याची बदली झाली तर याचा विचार करावा लागतो.

नेमके इथेच उलट्या दिशेने येणाऱ्या एका विधानालाही उत्तर द्यायला हवे. ‘एलपीएन कसली नर्स, ती तर आंघोळ घालणारी मदतनीस’ असे तिकडचे आपलेच नातेवाईक बोलून जातात. रुग्णाला आंघोळ घालण्यात कमीपणा काय, हा प्रश्न बाजूला ठेवू. मदतनीस म्हणजे नर्सिंग असिस्टंट. तिच्यासाठी केंद्रीय नियमाने किमान ७५ तासांचे प्रशिक्षण पुरते. एलपीएनकडे राज्याचा परवाना असतो, आणि चूक झाली तर तो जातो. तिच्या कामाला मर्यादा आहेत, हे खरे: रुग्णाचे पहिले सर्वंकष मूल्यमापन आरएनने करायचे, शिरेतून औषध देण्याबाबत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, आणि रुग्णालयांतल्या जागा शुश्रूषागृहांच्या मानाने कमी. पण शुश्रूषागृहांसाठीचा केंद्रीय नियम असा आहे की आरएन दिवसातून सलग आठ तास असलीच पाहिजे आणि उरलेल्या वेळी कोणीतरी परवानाधारक नर्स हजर हवी, मग ती एलपीएन चालेल. त्यामुळे अनेक ठिकाणी रात्री अकरानंतर संपूर्ण इमारतीतली सर्वांत वरिष्ठ आरोग्यसेविका एलपीएनच असते. पहाटे तीनला एखाद्या आजोबांचा श्वास लागला तर डॉक्टरांना उठवायचे की सरळ ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावायचा, हे तीच ठरवते.